उलटा धोत्रा, डोकं दक्षिणेला

हॅलो?… कोण? आरती? बोल की गं… हाव, अक्काच बोलायले. ह्या घरात माझ्याशिवाय फोन उचलतंय कोण?

आले परवा संध्याकाळी. पुण्याहून लातूरपर्यंत बसून बसून कंबर धरली बघ… बाळ? लई गोड हाय. जावळ तर एवढं एवढं… न्हाई गं, नाक आपलं न्हाई, जावयाच्या घरचं हाय. असू दे, श्वास घेता आला म्हणजे झालं… शिवलीलाबी चांगली हाय. डॉक्टरनी तिला प्रवास नको म्हणलं म्हणून मला जावं लागलं, न्हाईतर लेकीचं बाळंतपण लेकीच्याच घरी जाऊन करणारी मी एकटीच असेन आमच्या गल्लीत. अडीच महिने! इथं घराला घरपण ऱ्हायलं न्हाई. फ्रिजमध्ये काय सापडलं सांगू का? एक भेंडीची भाजी… हाव, हाव, नंतर सांगते.

थांब, कुकर बंद करते.

…हां, बोल. पुण्यस्मरणाचं ना? आपल्या अमरदादाचा फोन आलता उदगीरहून. स्वामींना सांगितलंय म्हणला, गव्हाची खीर, हुग्गी करायची म्हणला, गल्लीतले सगळे येतील म्हणला… वरीस झालं गं अव्वाला. आई गेली, पण मला अजून फोन वाजला की वाटतंय तिचाच. "मंजी, जेवलीस का?" दुसरं काही विचारायचीच न्हाई ती.

काय?… तुझा आवाज तुटायलाय. हॅलो? हॅलो, आरती?… हां, आता आला. काय म्हणलीस?

झाड?

हाय की झाड. वर गच्चीवर, काचघरात. ते कुठं जातंय?

बरं हाय म्हणजे… तू आधी तुझ्या गुडघ्याचं सांग. गेलतीस का त्या डॉक्टरकडं?… मी कुठं विषय बदलून राहिले? गुडघा महत्त्वाचा न्हाई का?

फूल… अगं ऐक ना. हाव, हाव, अव्वाच्या समाधीवर तिच्याच झाडाचं फूल ठेवायचं आपलं ठरलंय. मी कुठं न्हाई म्हणले? पण पंधरा दिवसांत… न्हाई, कळी न्हाई धरली… न्हाई गं, पानंबी…

शपथ घालू नको. अव्वाची तर बिलकुल घालू नको!

सांगते. सांगते म्हणलं ना! पण आधी खाली बस. बसलीस?… आन मधी बोलू नको.

तुझ्या दाजीनं झाड झोपवलं.

झोपवलं म्हणजे झोपवलं. आडवं केलं… न्हाई, पडलं न्हाई. वारं न्हाई, माकडं न्हाई. धान्याच्या मोंढ्यातून मल्लेशला बोलावून घेतलं, दुकानातला हमाल न्हाई का, तो. आन दोघांनी मिळून कुंडीसकट झाड उचललं आन काचघरात जमिनीवर आडवं करून ठेवलं. तुरीची पोती थप्पीला लावतात तसं. खाली पोत्याचा बारदाना, वर ताडपत्री… खोटं कशाला सांगू मी? मस्करी करायची गोष्ट हाय का ही?

कामून म्हणजे? मीच सांगितलं होतं… तसं न्हाई गं! तुला मी व्हिडिओ पाठवला होता बघ, त्या गोऱ्या बाईचा? तिच्या काचघरात सगळी हीच झाडं. ती म्हणते, थंडी आली की ब्रुगमान्सिया, म्हणजे आपला उलटा धोत्रा, आत घ्या, पाणी तोडा, अंधार करा, तीन-चार महिने झोपू द्या. म्हणजे पानं गाळून गप राहू द्या त्याला, एवढाच अर्थ. डिसेंबरात इकडं थंडीची लाट आली, टीव्हीवर सांगायलेत, मोंढ्यात शेकोट्या पेटल्यात, आन मी तिकडं पुण्यात. मागल्या थंडीत उदगीरला पानं कशी काळी पडलती ते डोळ्यासमोर. म्हणून फोन केला ह्यांना. म्हणलं, थंडी लई पडलीय, आता त्याला झोपवा.

झालं. झोपवलं!

माणूस आडतीतला. ह्यांना ब्रुगमान्सिया म्हणता येत न्हाई, ब्रह्ममासा म्हणतात. गिऱ्हाइकाला सांगतात, आमच्या गच्चीवर ब्रह्ममासा हाय. लोकांना वाटतंय हौद बांधलाय.

बघ की! हेच, हेच म्हणलं मी त्यांना. आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसालाबी झोपवत न्हाईत गं, बसवतात! अव्वाला बसवूनच माती दिली, हे स्वतः पुढं होते तवा. आन तिच्या जित्त्या झाडाला आडवं केलं. परवा जिन्यातच बोलले मी. बॅग अजून हातातच होती.

ते काय म्हणतात? सांगू? म्हणतात, "डोकं उत्तरेला न्हाई केलं."… हाव! "शेंडा दक्षिणेला केलाय, तेवढं मलाबी कळतंय."… हस. हस तू. मला न्हाई हसू आलं.

…आरती? हसायलीस का रडायलीस?

अगं… असं करू नको.

हे बघ, ते आता काढू नको. अव्वा गेल्यावर झाड तुझ्याकडं नांदेडला ठेवलं असतं तर काय झालं असतं? थंडीतनं निघालं असतं, मान्य. आन मे महिन्यात? तुमच्या गच्चीवर पापड न तळता फुगतेत. इथं निदान जाळी हाय, काचघर हाय… हाव, काच एकाच बाजूला हाय, बाकी प्लास्टिक हाय, तरी काचघरच म्हणायचं त्याला. ह्यांनी माझ्यासाठी हौसेनं करून घेतलंय वेल्डरकडून.

माहीत हाय. महाबळेश्वरहून येताना अव्वानं ओल्या रुमालात गुंडाळून काडी आणलती आन तू तिच्या शेजारी बसली होतीस. शंभर येळा सांगितलंस. हॉटेलच्या माळ्याला तिनं हात जोडले, तो म्हणला आजी विषारी असतंय, ही म्हणली बाबा आमचा महादेव विषच पिऊन बसलाय. सगळं पाठ हाय मला. आन उलटा धोत्रा हे नावबी तिचंच. महादेवाचा धोत्रा वर बघतो, हा खाली बघतो. "त्याचं त्याच्याकडं बघंल, हे माझ्याकडं बघायलंय," म्हणायची आन संध्याकाळी वास सुटला की त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायची. मी विसरेन का?

हाव. तू काडी मागितली, मी दिली न्हाई. एकुलतं एक झाड, त्याला कात्री लावायला माझा जीव झाला न्हाई. दिली असती तर आज तुझ्याकडं तरी एक… हेच बोलायचं होतं ना तुला? बोललीस. झालं समाधान?

…न्हाई गं. चिडले न्हाई. मीबी दोन दिवस रडूनच राहिले.

नीट न्हाई बघितलं. परवा ताडपत्रीचं टोक उचललं, काळी पानं दिसली, खोड आडवं दिसलं, आन टोक सोडून दिलं. पुन्हा वर गेलेच न्हाई. बघवत न्हाई मला.

ह्यांच्याशी? बोलत न्हाई. वाढून ठेवते. जेवतात, ताट उचलून नेतात, खोकत खोकत जाऊन बसतात. खोकला तर डिसेंबरापासून धरलाय. फोनवरबी आधी खोकायचे, मग हॅलो म्हणायचे. मी रोज सांगायचे, मोंढ्यात सकाळी वारं असतंय, मफलर बांधा. "हाव, बांधलाय." बांधलाय तर मग खोकला कशाचा? ऐकायचं म्हणून न्हाई माणूस… त्यांनी काय बोलावं? एकदाच म्हणले, "तू सांगितलं तसंच केलं मी." मग मीच उठून गेले आत.

आत्ता? आता कुठं वर पाठवायलीस मला? भात… बरं. बरं बाई, जाते. तू फोन धर. चढायले… हळूच चढणार की, गुडघे मलाबी हायत, तुलाच न्हाईत देवानं दिले.

नखानं खरवडायचं, माहीत हाय. आत हिरवं असलं तर जित्तं, तपकिरी असलं तर गेलं. मलाच शिकवायलीस का?… धुईन गं हात. विषारी असतंय ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळतंय का?

आले. कडी काढली… शी, कोंदट वास येतोय. बारदान्याचा. आन ऊन बघ, काय तापलंय आत! माघ चालू हाय का वैशाख? ती गोरी बाई म्हणते अंधारात ठेवा, पाणी तोडा. तिच्या दारात कंबरेएवढं बर्फ, माझ्या दारात तूर वाळत घातलेली. माझी अक्कल कुठं गेलती देव जाणे.

थांब. बारदाना ओला हाय.

ओला हाय गं, हाताला लागायलंय. आजच कुणीतरी पाणी मारल्यासारखं. मी तर पाणी तोडा म्हणलं होतं… मल्लेश न्हाई, मल्लेश कशाला येतो वर? हेच असणार. थांब, फोन स्पीकरवर ठेवते, इथं विटेवर. तू बोलत ऱ्हा, म्हणजे मला धीर येईल.

ताडपत्री काढायले… जड हाय…

…

हॅलो? हाय, मी हाय. जरा थांब.

मफलर हाय इथं.

ह्यांचा मफलर गं. तपकिरी. शिवलीलानं पहिल्या पगारात आणलेला. झाडाच्या शेंड्याला गुंडाळलाय. दोन येढे दिलेत आन खाली गाठ मारलीय, बाळाला टोपडं बांधतात तशी.

मी? मी कामून सांगीन झाडाला मफलर बांधा म्हणून? मी येडी हाय का?… माझं आन ह्यांचं एकदाच बोलणं झालं झाडाबद्दल. मी म्हणलं झोपवा. हे म्हणले, कसं झोपवू? मी म्हणलं…

अगं बाई.

आरती. अगं बाई, आरती!

तेवढ्यात बाळ उठलं होतं. शिवलीलाच्या मांडीवर होतं आन टाहो फोडला त्यानं. तिला नवीन सगळं, ती घाबरली. मी तिला म्हणलं, "हळूच आडवं कर त्याला. अंधार कर. खाली मऊ काहीतरी टाक, वर पांघरूण घाल. डोक्याला बांध, कानात वारं शिरू देऊ नको. आन टाळू कोरडी पडू देऊ नको." तिला म्हणलं मी! लेकीला! फोन कानालाच होता माझ्या.

आन इकडून हे म्हणले, "हाव, करतो."

करतो म्हणले, गं! मला आत्ता आठवायलंय. मी "कर" म्हणायले, "घाल" म्हणायले, "बांध" म्हणायले. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी कधी ह्यांना अरे-तुरे केलं न्हाई. बायको एकदम एकेरीवर आली, तरी माणसाला वाटू नये, की ही मला न्हाई बोलायली? गपगुमान "हाव, करतो"!… हाव, तुझ्या दाजीला वाटलं असंल, झाडाच्या फिकिरीनं ही अरे-तुरेवर आली.

म्हणून ओला हाय बारदाना. शेंड्याखालीच जास्त ओला हाय. टाळू गं. टाळू कोरडी पडू देऊ नको म्हणलं होतं ना मी… नशीब, तेल न्हाई भरलं.

आन स्वतः खोकायलेत. मफलर ह्याच्या डोक्याला, आन मला फोनवर सांगायचे, हाव, बांधलाय. बांधला होता की. खोटं कुठं बोलले?

…

न्हाई, रडत न्हाई. घाम हाय. थांब, गाठ सोडते. चीक लागलाय मफलरला, धुवावा लागंल…

आरती.

हॅलो, ऐकायलीस का? खरवडायची गरज न्हाई.

कोंब आलेत!

खोटं न्हाई, मफलरच्या आत, शेंड्याला. पांढरट, उजेड न बघितलेले, मोड आलेल्या मटकीवानी. आन खाली… थांब, ही पानं बाजूला करू दे… खालीबी हायत! अख्ख्या खोडावर. आडवं पडलंय ना ते, तर वरच्या अंगाला ओळीनं, एक इथं, एक इथं, एक ह्या गाठीला, सगळे वर तोंड करून. आईच्या पाठीवर लेकरं चढल्यासारखे… मी कशाला मोजू? लई हायत. बघ तूच, व्हिडिओ लाव… लागेना का? ऱ्हाऊ दे, फोटो पाठवते मग.

आन थांब, खोड जरासं हललं तर… न्हाई न्हाई, उचलत न्हाई! मुळ्या हायत. बारदान्यात मुळ्या शिरल्यात गं. पांढऱ्या. जिथं जिथं ओल्या बारदान्याला टेकलंय तिथं तिथं मूळ धरलंय त्यानं. बारदान्याच्या जाळीतून सुतळीसारख्या गेल्यात.

आता कुणी उभं करायचं न्हाई ह्याला. उभं केलं तर सगळं तुटंल. झोपू दे असंच.

हाव. हाव, तेच म्हणायले मी. आठवडाभर नुसता थोडा थोडा उजेड दाखवते, एकदम ऊन लागलं तर कोंब भाजतील. मग बारदाना कापून, एकेका कोंबाचा तुकडा मुळीसकट वेगळा करायचा. एकेका कुंडीत… करते की मी. कात्रीला आता भीत न्हाई. एवढे असल्यावर कशाला भिऊ?

अमरदादाला एक. इथं एक. शिवलीलाला एक, पण बाळ चालायला लागंल तवा उंचावर ठेव म्हणून सांगून. आन तुला… काडी न्हाई गं. काडी मागायची न्हाई आता. रोप ने. दोन ने. एक मेलं तर एक ऱ्हाईल. पण उन्हाळाभर इथं राहू दे, मिरगाचा पाऊस पडला की ने नांदेडला. तुमच्या गच्चीचा काही भरवसा न्हाई.

…आता कशाला रडायलीस?

फूल न्हाई मिळणार, आरती. पुण्यस्मरणाला फूल न्हाई. ह्या दिवाळीपर्यंत तरी न्हाई. पण मी एका डब्यात माती भरून आणते उदगीरला, कोंब आलेला तुकडा लावून. अव्वापुढं ठेवू घटकाभर, आन ऊन चढायच्या आत उचलून आणू. ती बसलेलीच हाय, बघंल की. सवय हाय तिला त्याच्यापुढं बसायची.

…हाव.

…हाव गं. मलाबी तसंच वाटतंय. तिच्या रुमालातून आलं, आन आता ह्यांच्या मफलरातून निघालं.

कुणाशी? दाजीशी?… हायत, घरातच हायत. आज मोंढा बंद हाय. देते… पण काय बोलणार हायस तू? चिडवू नको हं. ब्रह्ममासा म्हणून हाक मारू नको, आजच्या दिवस तरी नको… बरं, बोल. तूच आधी बोल. माझी तर जीभ रेटेना. दोन दिवस ताट पुढं ठेवून पाठ फिरवायचे, आता कुठल्या तोंडानं सांगू, की तुम्ही माझंच ऐकलं म्हणून?

थांब, उतरायले. हात धुते आधी… पाणी गेलंय वाटतं नळाचं. न्हाई, आलं… हां. चल, देते.

आवो… आरतीचा फोन हाय, नांदेडहून. कोंब आलेत झाडाला… आवो…

…

झोपलेत गं.

दिवाणावर. बसल्या बसल्या तसेच कलंडलेत… आडवेच. दुसरं कसं झोपणार माणूस?

डोकं? थांब, बघते. मागलं दार ह्या अंगाला, म्हणजे रस्ता त्या अंगाला, म्हणजे…

दक्षिणेला.

हसू नको. गळा उघडा हाय ह्यांचा… मफलर आता कसा घालू? चीक लागलाय म्हणलं ना. माझी शाल घालते. थांब, एक हात मोकळा करू दे… हळूच… खाली उशी सरकली होती… हां. कानबी झाकले.

न्हाई, उठवत न्हाई. उठल्यावर मीच लावून देते तुला. आधी मी बोलते, मग तू बोल… हाव, मीच आधी. ते ठरलं.

काय?… आगं हळू बोल की! आत्ता कुठं खोकला थांबलाय.

ठेवते.